हिऱ्याचे तेज आणि हिऱ्याचे काम

नाशिकचे नाव जगाच्या रत्नविषयक ग्रंथांतून ज्या एका पाषाणामुळे गेली दोनशे वर्षे घेतले जात आहे, तो पाषाण नाशिकच्या भूमीत निपजलेला नव्हता, आणि आज तो नाशकात नाहीही. त्र्यंबकेश्वराच्या देवालयात असलेला, सुमारे नव्वद कॅरट वजनाचा तो हिरा १८१८ साली, म्हणजे एप्रिलात त्र्यंबकगड पडला आणि जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन सालिना आठ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्ताची वाट धरली त्या धामधुमीत, कंपनी सरकारच्या हाती गेला. कर्नल ब्रिग्जकडून तो लॉर्ड हेस्टिंग्जकडे आणि तेथून लुटीचा माल म्हणून लंडनच्या बाजारात पोहोचला. ‘नासक डायमंड’ या नावाने विलायतेत ओळखल्या जाऊ लागलेल्या या रत्नाला रंडेल आणि ब्रिज या सराफांनी नवे पैलू पाडले, १८३७ साली तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेऊन आपल्या समारंभी तलवारीच्या मुठीत बसविला, आणि पुढे अमेरिकेत गेल्यावर १९४० साली हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने त्यास पुन्हा कापून ४३.३८ कॅरटांवर आणून ठेवले.

हा हिरा परत मिळावा अशी मागणी अधूनमधून होते, आणि ती करणाऱ्यांच्या बाजूने मी निःसंकोच उभा आहे; देवाच्या भांडारातून नेलेली वस्तू देवाची, एवढा साधा न्याय सिद्ध करण्यासाठी कोणत्याही दप्तराची गरज नाही. परंतु या कथेतील एक हिशेब आपण क्वचितच मांडतो. नव्वदांतून त्रेचाळीस वजा जाता उरणारे सत्तेचाळीस कॅरट, म्हणजे मूळ वस्तूचा अर्ध्याहून अधिक भाग, या दोन घडणींत नाहीसा झाला. पैलू पाडताना हिऱ्याचा जो चुरा निघतो तो कारागीर फेकून देत नाहीत, कारण हिरा घासण्यास हिऱ्याखेरीज दुसरा पदार्थ जगात समर्थ नाही. तो चुरा तेलात कालवून पुन्हा चाकावर लावला जातो आणि दुसऱ्या रत्नांच्या कामी येतो. तलवारीच्या मुठीतील हिऱ्याने शोभेपलीकडे कोणाचे काही काम केल्याचे नमूद नाही. हिऱ्याच्या चुऱ्याने मात्र गेल्या तीन शतकांत माणसाला वेळ अचूक मोजता येईल अशी घड्याळे घडवून दिली, आणि त्या कामाची आपल्याकडे जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी कधीच घेतली गेली नाही, हे माझे आजचे म्हणणे आहे.

घड्याळात रत्न कशासाठी लागते, हा प्रश्न ज्याच्या मनगटावरील तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ अशी अक्षरे असत त्या पिढीलाही पुष्कळदा पडला नव्हता. ती अक्षरे दागिन्याच्या वर्णनासारखी वाचली जात. किल्लीच्या घड्याळातील बॅलन्सचे चाक सेकंदाला पाच ठोके देते, म्हणजे तासाला अठरा हजार आणि अहोरात्रीला चार लाख बत्तीस हजार; आणि हे चाक ज्या आसावर झुलते त्या आसाची टोके सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. एवढ्या बारीक पोलादी टोकाला पितळी भोकात वर्षानुवर्षे फिरत ठेवले तर भोक लांबट होते, तेलात पितळेचा कीस मिसळून काळा राबडा जमतो, आणि घड्याळ मागे पडू लागते. पितळेच्या जागी कठीण आणि आरशासारखा गुळगुळीत खडा बसविला, त्यास मधोमध भोक पाडले, आणि आसाचे टोक त्यात फिरू दिले, तर झीज जवळजवळ थांबते. ही युक्ती निकोलस फाटिओ या स्विस गणितज्ञास आणि पीटर व जेकब डिबॉफ्र या लंडनवासी फ्रेंच घड्याळजींना सुचली, आणि १७०४ साली त्यांनी तिची सनद इंग्लंडात मिळविली. माणकासारख्या खड्यात केसाएवढे भोक पाडण्याचे काम हिऱ्याच्या भुकटीवाचून होणे नव्हते. म्हणून घड्याळात दिसले माणिक, तरी त्यामागे राबला हिराच.

या सनदेच्या निमित्ताने घडलेली एक हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. सनदेची मुदत वाढवून मिळावी म्हणून फाटिओ आणि त्याचे भागीदार पार्लमेंटकडे गेले, तेव्हा लंडनच्या घड्याळजींच्या संघाने हरकत घेतली आणि ही कल्पना नवी नाही याचा पुरावा म्हणून इग्नेशियस हगफर्ड या कारागिराचे एक जुने घड्याळ पुढे केले, ज्याच्या बॅलन्सवरील झाकणात एक खडा स्पष्ट दिसत होता. मुदतवाढ नामंजूर झाली. संघाने ते घड्याळ जपून ठेवले, आणि पुढे कित्येक वर्षांनी ते उघडून पाहिले असता असे आढळले की तो खडा केवळ शोभेसाठी वर जडविलेला असून आसाच्या टोकाशी त्याचा संबंधच नव्हता. खडा दिसतो म्हणजे खडा राबतो, असे गृहीत धरल्याने एका खऱ्या शोधाचा हक्क बुडाला. ही हकिकत मी केवळ गंमत म्हणून सांगत नाही. खडा दिसणे आणि खडा राबणे यांत आजही तोच घोटाळा होतो, आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो.

आता हिऱ्याच्या अंगी असे कोणते गुण आहेत की ज्यांमुळे तो या कामास योग्य ठरावा, ते पाहू. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, ही गोष्ट स्मिथसन टेनंटने १७९७ साली हिरा जाळून सिद्ध केली. कोळशाचेच ते द्रव्य, परंतु प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी अशा घट्ट आणि समान बंधांनी जखडलेला की त्या रचनेस ओरखडा काढणारा दुसरा नैसर्गिक पदार्थ आढळत नाही. काठिण्याच्या परिचित मोजपट्टीवर माणिक नवव्या आणि हिरा दहाव्या पायरीवर असला, तरी या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. त्या एका पायरीत काठिण्य सुमारे चौपट वाढते. उत्तम घासलेल्या हिऱ्याचे घर्षण फारच कमी, उष्णतेने होणारे प्रसरण नगण्य, उष्णता वाहून नेण्याची शक्ती तांब्याच्या पाचपट, घनता पोलादाच्या निम्म्याहून कमी, आणि लोहचुंबकाचे त्याला काही देणेघेणे नाही. घड्याळात क्षणाक्षणाला थांबून पुन्हा निघणाऱ्या सूक्ष्म चाकाला हलकेपणा, अचल आकार आणि घर्षणाचा अभाव हे तीनही गुण हवे असतात, आणि ते एका पदार्थात एकवटलेले क्वचितच सापडतात.

पण काठिण्य म्हणजे चिवटपणा नव्हे. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही, ही आपल्याकडील पुरातन समजूत कित्येक चांगल्या हिऱ्यांच्या मुळावर आली असेल. कारण हिऱ्याला चार ठरलेल्या दिशांनी नैसर्गिक फाट असते आणि त्या रोखाने बसलेला एक आघात त्याचे दोन तुकडे करण्यास पुरेसा होतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील रत्नपरीक्षेत उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो असे म्हटले आहे, तेही पाण्याच्या साडेतीनपट जड असलेल्या या पदार्थाला लागू पडत नाही. परंतु हिरा अन्य रत्नांना भेदतो आणि अन्य कशानेही भेदला जात नाही हे आपल्या रत्नशास्त्रकारांचे निरीक्षण अचूक होते, आणि अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, ब्राझीलमध्ये हिरे सापडण्याआधी, जगाला जवळजवळ सारे हिरे पुरविणाऱ्या दक्षिणेतील खाणींच्या या देशात ते व्हावे हे स्वाभाविकच होते. खेद एवढाच की या ज्ञानाचा उपयोग यंत्र घडविण्याकडे आपण वळविला नाही. हिरा आमचा, त्याने भोक पाडण्याची विद्याही आमची, कारण खंबायतेचे मणी भेदणारे कारागीर हिऱ्याच्या कणीचे टोक लावलेले सामते शतकानुशतके फिरवीत आले. तरी घड्याळाच्या खड्याची सनद लंडनमध्ये निघाली.

जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने १७५९ साली पुरे केलेले चौथे सागरी घड्याळ आज ग्रीनिचच्या संग्रहात आहे. समुद्रावर रेखांश निश्चित करण्याचा प्रश्न सुटावा म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली वीस हजार पौंडांचे इनाम जाहीर केले होते, आणि त्या प्रश्नावर मोठमोठे ज्योतिर्विद शिणले होते. हॅरिसनचे हे घड्याळ रुपेरी पेटीतले, व्यास सुमारे तेरा सेंटिमीटर आणि ठोके सेकंदाला पाच. चाकाला क्षणभर रोखून पुन्हा सोडणारे त्याचे दोन दात, ज्यांना पॅलेट म्हणतात, हिऱ्याचे होते. घड्याळातील सर्वांत अधिक घासला जाणारा हा भाग हॅरिसनने हिऱ्याचा केला. त्यांची वक्र पाठ त्या काळी कोणत्या साधनांनी इतकी निर्दोष घासली असेल याचे आजच्या कारागिरांनाही नवल वाटते. १७६१ च्या नोव्हेंबरात हे घड्याळ जमैकास निघाले, आणि एक्याऐंशी दिवसांत त्याची चूक, त्याचा नेहमीचा फरक जमेस धरून, अवघ्या पाच सेकंदांची भरली. ज्या रत्नाच्या नावाने राज्ये लुटली गेली त्या रत्नाच्या दोन कणांनी हे साधले, आणि त्यानंतर खलाशांना भर समुद्रात आपण कोठे आहोत हे कळण्याचा मार्ग मोकळा झाला. हिऱ्याच्या सबंध इतिहासात याहून मोठे कार्य मला आढळत नाही.

पुढे हिऱ्याची जागा बहुतांशी माणकाने घेतली. हिरा महाग आणि घासण्यास अतिदुर्घट. माणिक पुरेसे कठीण आणि तुलनेने सोपे. १९०२ साली ऑग्युस्त व्हर्नुय याने ज्वालेत भुकटी वितळवून कृत्रिम माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून सामान्य माणसाच्या घड्याळातही सतरा खडे परवडू लागले. हे सतरा कोणते, तर बॅलन्सच्या आसाला चार, त्याला धक्का देणारा एक, पॅलेटचे दोन, आणि बाकीच्या पाच आसांना प्रत्येकी दोन. त्याहून अधिक खडे साध्या घड्याळात सहसा लागत नाहीत. तरी १९६० च्या दशकात शंभर-शंभर खड्यांची घड्याळे विक्रीस आली, ज्यांतील बहुसंख्य खडे कोणत्याही आसाला स्पर्श करीत नव्हते. अखेर आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७४ साली नियम केला की जाहिरातीत फक्त काम करणारे खडे मोजावेत. हगफर्डच्या घड्याळाने केलेला घोटाळा निस्तरावयास असा पावणेतीनशे वर्षांचा काळ लागला.

आमच्या घरी वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ आहे. सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला निघालेल्या सरकारी कारखान्याचे हे अपत्य एके काळी मुंजीत, लग्नात आणि नोकरीच्या पहिल्या पगारात हमखास दिसे. ते मी मेनरोडच्या आतल्या बोळातील एका वृद्ध घड्याळजीकडे नेले, तेव्हा त्यांनी मशीन उलगडून, भिंग माझ्या डोळ्याला लावून, चिमट्याच्या टोकाने एकेक खडा दाखविला. पोलादी आसाच्या टोकाला झिजेची सूक्ष्म खाच पडलेली दिसत होती, तेल वाळून तपकिरी झाले होते, आणि खड्याच्या भोकाची कड मात्र काल घासल्यासारखी चकचकीत होती. “खडा झिजत नाही साहेब,” ते म्हणाले, “तो एकतर तसाच राहतो, नाहीतर पडल्यावर फुटतो. फुटला, तर आता एक घड्याळ जगवायला दुसरं मोडावं लागतं. बंगळूरचा माल यायचा बंद झालाय.” काडीचे टोक धारदार तासून त्यांनी प्रत्येक भोक साफ केले, पुनःपुन्हा टोक तासले, आणि काडी स्वच्छ निघेपर्यंत ते थांबले नाहीत. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. क्वार्ट्झच्या लाटेपुढे तो टिकला नाही हे खरे. परंतु कारखान्याबरोबर सूक्ष्म भाग घडविण्याचा एक हुन्नर या देशातून ओसरला, याची हळहळ करणारे मी फार थोडे पाहिले.

तिकडे, ज्या देशांनी हा हुन्नर सोडला नाही, त्यांच्याकडे हिरा घड्याळात परत आला आहे, आणि तो काठावर मिरविण्यासाठी नव्हे. युलिस नार्डिन या स्विस कंपनीने २००१ साली ‘फ्रीक’ नावाच्या घड्याळात सिलिकॉनची चाके वापरली. नंतर थोड्याच वर्षांत तिने तीच यंत्रणा हिऱ्याची करून पाहिली, आणि मग सिलिकॉनच्या गाभ्यावर हिऱ्याचा पातळ थर चढविण्याची रीत बसविली. या भागांना तेल लागत नाही असे म्हटले की आपल्याला त्याचे महत्त्व चटकन उमगणार नाही. पण घड्याळ बिघडते ते पुष्कळदा तेल वाळल्याने, आणि तेलाची कटकट संपविणे हे तीनशे वर्षांचे स्वप्न आहे. हा हिरा खाणीतून येत नाही. मिथेन आणि हायड्रोजन हे वायू निर्वात पात्रात तापवून, हिऱ्याच्या एका पातळ बीजावर कार्बनचा थरावर थर बसवीत तो वाढविला जातो. खाणीतील हिरा आणि हा हिरा यांच्या घटनेत फरक नाही. उलट चपटी, हव्या त्या मापाची, हव्या तेवढ्या शुद्धतेची लादी ही खाणीत न मिळणारी वस्तू या रीतीने मिळते.

या विद्येत भारत मागे नाही, आणि म्हणूनच मला हे लिहावेसे वाटले. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात बीजावरील आयात जकात माफ केली, आणि मद्रासच्या आयआयटीला या संशोधनासाठी पाच वर्षांत २४२ कोटी रुपये देण्याचे ठरविले. सुरतेत असे हिरे वाढविणाऱ्या यंत्रांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. परंतु वाढलेला हिरा जवळजवळ सगळा दागिन्यांच्या वाटेने जातो, आणि दागिन्याच्या हिऱ्याचे मोल दुर्मिळतेवर अवलंबून असल्याने, पुरवठा वाढताच भाव कोसळतात, हे व्यापारी स्वतःच सांगतात. ज्याचे मोल त्याच्या कामावर ठरते अशा हिऱ्याची गोष्ट निराळी. लाखो ठोके सोसणारे चाक, धातू आरशासारखा कापणारे टोक, उष्णता ओढून घेणारी लादी, यांची किंमत दुर्मिळतेच्या लहरीवर चढत-उतरत नाही.

आणि ही वाट चालण्यास नाशिकसारखे शहर महाराष्ट्रात दुसरे नाही, असे मी केवळ ग्रामाभिमानाने म्हणत नाही. सातपूरच्या कारखान्यांत डिझेलचे नोझल घडविणाऱ्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांना मायक्रॉन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. ओझरला १९६० च्या दशकापासून लढाऊ विमाने उभी राहतात. आणि अंबडच्या कोणत्याही ग्राइंडिंगच्या शेडमध्ये सकाळी चाक चालू करण्यापूर्वी हिऱ्याची कणी बसविलेल्या ड्रेसरने ते चाक साफ केले जाते, डायमंड पेस्टने डाय घासली जाते. म्हणजे राबणारा हिरा नाशकात रोज आहे; तो बाहेरून विकत येतो आणि झिजून जातो, एवढेच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून निघालेली स्फटिकांची जी अपूर्व संपत्ती मांडली आहे, तिच्यात हिरा नाही आणि भूगर्भाच्या न्यायाने तो असणारही नाही. परंतु पात्रात वाढणाऱ्या हिऱ्याला ज्वालामुखीची नळी लागत नाही, अखंड वीज, शुद्ध वायू आणि जाणती माणसे लागतात.

तेव्हा सरकारदरबारी माझी मागणी अशी आहे की हिरेवाढीसाठी जे अनुदान आणि ज्या सवलती दिल्या जातात त्यांचा एक निश्चित हिस्सा औद्योगिक हिऱ्यासाठी, आणि त्यातही सूक्ष्म यंत्रभागांसाठी, राखून ठेवावा. आणि सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सूक्ष्मयंत्रकलेचा असा अभ्यासक्रम सुरू करावा की ज्यात विद्यार्थी खडा घासणे, भोक पाडणे, आस वळणे आणि बॅलन्स समतोल करणे हे हाताने शिकेल. त्याच्या पहिल्या शिक्षकांत शहरातील जुने घड्याळजी, पदवीची अट न घालता, मानधनावर नेमावेत. त्यांची संख्या वर्षागणिक घटते आहे आणि त्यांच्या बोटांतील विद्या कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. कारखानदारांच्या संघटनांनी यात पुढाकार घेतला तर संस्थेला यंत्रसामग्रीची अडचण पडू नये.

ग्राहकाच्या संरक्षणाची बाबही यातच येते. सोन्यावर हॉलमार्क २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, खड्यांच्या गणतीला आंतरराष्ट्रीय नियम आहे. परंतु घड्याळाच्या दुकानात ‘डायमंड’ हा शब्द आज चार निरनिराळ्या वस्तूंना सर्रास लावला जातो. काठावर जडविलेला खाणीतील हिरा, तसाच प्रयोगशाळेतील हिरा, पोलादी पेटीवर चढविलेला हिऱ्यासदृश कार्बनचा काळा थर, जो उपयुक्त आणि टिकाऊ असला तरी हिरा नव्हे, आणि निव्वळ पैलूदार चकाकी असलेली धातूची घडण, ज्यात हिऱ्याचा अंश असेलच असे नाही. विक्रेत्याने पावतीवर यांतील नेमके काय आहे ते आणि ते घड्याळाच्या चालीत काम करते की केवळ शोभेचे आहे ते लिहून दिले पाहिजे, अशी सक्ती ग्राहक व्यवहार खात्याने करावी. आणि ती होईपर्यंत सराफकट्ट्यावर किंवा कॉलेजरोडवर घड्याळ घेणाऱ्याने ‘यात हिरा कुठे बसवला आहे?’ हा प्रश्न काउंटरवर विचारावा, आणि उत्तर पावतीवर उतरवून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.